दारात उभ्या राहणाऱ्या माणसासाठी

एखाद्याशी आपला संबंध संपला हे सांगायला मराठीत लांबण लावावी लागत नाही. 'मी त्याला दारात उभं करत नाही' एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. कामासाठी वारंवार जाणारा माणूस उंबरठे झिजवतो, गरजू माणूस दार ठोठावतो, आणि श्रीमंताच्या दारात हत्ती झुलतात. यातला हत्तीचा वाक्प्रचार तेवढा वैभवाचा आहे, बाकीचे माणसांच्या येण्याजाण्याचे आहेत. आज घराचा दर्शनी भाग नीट करायचा म्हटलं की आपण पैसे बहुतेक हत्तीवरच खर्च करतो, असं मला वाटतं.

कोकणातल्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात किंवा सांगली-मिरजेकडच्या एखाद्या गल्लीत चक्कर मारली तर हे दिसेल. नव्या किंवा नव्याने सजवलेल्या घराला काचेसारख्या गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या असतात. पुढे सोनेरी टोकांचं स्टीलचं फाटक, आत नक्षीचा जड दरवाजा, त्याच्याही आत सरकतं जाळीचं शटर. चौकटीवर 'हाजा मिन फज्लि रब्बी' ही सुंदर अक्षरांची पाटी. ही माझ्या रब्बची कृपा, असा तिचा अर्थ. पण दुपारी बाराला कुरिअरवाला आला तर त्याला उभं राहायला हातभर सावली नसते. पावसात आलेला पाहुणा छत्री मिटेपर्यंत भिजतो. आणि घरातली म्हातारी बाई भिंत धरून, एकेक पाऊल जपत त्या चकचकीत पायऱ्या उतरते.

हौसेला नाव ठेवायचा माझा हेतू नाही. आखातात वीस-वीस वर्षं काढलेला माणूस एका खोलीत सहा-आठ जणांसोबत, एकावर एक बांधलेल्या पलंगांवर झोपलेला असतो. तो गावी आल्यावर मोठं दार लावतो तेव्हा गेलेल्या वर्षांचा हिशोब गावाला दाखवत असतो. त्यात खोटं काही नाही. पण हीच तऱ्हा पाहून पगारदार मास्तर, गॅरेजवाला, फळविक्रेता, शिलाईकाम करणारी बाई हेही तसंच करू लागतात. सोसायटीचं कर्ज काढून दर्शनी भिंतीला टाइल्स लावल्या जातात आणि आतल्या मोरीचं पाणी गळत राहतं. पैसा थोडा असेल तर आधी कोणासाठी खर्च करायचा, हा प्रश्न इथे येतो. माझं उत्तर असं : दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी.

जुन्या घरांना हे कळत होतं. कोकणातल्या घराला पुढे पडवी किंवा ओटा असे, देशावरच्या घराला सोपा. रस्त्यावरचा माणूस एकदम घरात शिरत नसे. आधी अंगण, मग ओटा, मग माजघर. ओट्यावर वाटसरू टेके, पोस्टमन पाणी पिई, कासार बांगड्यांची पेटी उघडे, शेजारचा पाटील जमिनीच्या वादाची गोष्ट काढून बसे. त्यांच्यापैकी कुणालाही घरात घ्यावं लागत नसे आणि कुणाला दारातून परतही लावावं लागत नसे. पडदा पाळणाऱ्या घरांना तर या मधल्या जागेचा मोठाच आधार होता. बायका आत मोकळ्या राहत आणि परका माणूस बाहेर अवघडत नसे.

इराणमधल्या यझ्द आणि काशान या शहरांतल्या जुन्या घरांत हाच विचार वेगळ्या रूपात आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे असतात, त्यांना 'पीरनशीन' म्हणतात. म्हणजे वयस्कर माणसाची बसायची जागा. दाराला दोन कड्या असतात, एक जड ठोकळ्याची पुरुषांसाठी आणि एक हलक्या गोल कडीची बायकांसाठी. आवाजावरून आत कळतं, दार कोणी उघडायला जायचं. दारातून आत गेलं की 'हश्ती' नावाचा छोटा, बहुधा अष्टकोनी चौक लागतो आणि तिथून वाट वळते. त्यामुळे दार उघडं राहिलं तरी रस्त्यावरून घराचं अंगण दिसत नाही. आडोसा वळणाने साधला आहे, त्यासाठी पोलादाची गरज पडलेली नाही.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा एवढा उंच की त्यातून हत्ती जाईल, आणि हत्तीनेच धडक देऊ नये म्हणून त्यावर पोलादी खिळे. पण त्याच दरवाजाच्या एका फळीत माणसाच्या उंचीची दिंडी आहे. पेशव्यांच्या वाड्यालासुद्धा माणसांच्या रोजच्या ये-जा करण्यासाठी लहान दार लागत होतं. आपण पेशवे नाही, आपल्याला खिळ्यांची गरज नाही. आपल्याला दिंडीचा विचार पुरे.

दारात येणाऱ्याने कसं वागावं हे आपल्याला मदरशात लहानपणीच शिकवतात. सूरह नूरमध्ये सांगितलं आहे की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नये, आणि परत जा म्हटलं तर परत फिरावं. हदीसमध्ये आहे की तीनदा परवानगी मागावी, नाही मिळाली तर निघावं. पैगंबर दुसऱ्याच्या घरी गेले की दाराच्या अगदी समोर उभे राहत नसत, उजवीकडे किंवा डावीकडे सरकून उभे राहत. हे सगळं येणाऱ्याचे अदब आहेत. पण त्याने बाजूला उभं राहावं अशी अपेक्षा असेल तर दाराच्या बाजूला उभं राहण्याजोगी जागा ठेवणं हे घरवाल्याचं काम आहे. दाराच्या उजवीकडे चपलांचा ढीग, डावीकडे गॅसचं रिकामं सिलिंडर आणि मध्ये दुचाकी, अशा ठिकाणी पाहुण्याने कुठे सरकावं?

आता थेट कामाचं बोलतो. हातात पैसे थोडे आहेत असं धरून, मी ज्या क्रमाने करीन तो क्रम असा.

सगळ्यात आधी काहीही विकत न घेता दारासमोरची जागा मोकळी करावी. मोडकी खुर्ची, फुटक्या कुंड्या, भंगार हलवावं. दुचाकी बाजूला लावायची सवय करावी. चपलांसाठी भिंतीलगत तिरकी फळी किंवा दोन खणांचा लोखंडी स्टँड पुरतो. ईदच्या दिवशी वीस जोड एकदम येतात, तेव्हा त्यांच्यासाठी दाराच्या एका बाजूचा पट्टा ठरवून ठेवावा आणि वाट मोकळी राहू द्यावी.

मग पायऱ्या. हे काम दिसत नाही म्हणून कुणी करत नाही, पण पडझड सगळी इथेच होते. पायरीची उंची ६ इंच आणि पाऊल ठेवायची रुंदी ११ ते १२ इंच असली की चढणं सोपं जातं. दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज २४ इंचांच्या आसपास यावी, हा गवंड्यांच्या उपयोगाचा जुना नियम आहे. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. एक पायरी ६ इंच आणि पुढची ८ इंच असली की पाय अडखळतो, कारण पायाला पहिल्या पायरीचं माप लक्षात राहिलेलं असतं. आपल्या गावांत दर काही वर्षांनी जुन्याच रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो आणि खालची पायरी अर्धी गाडली जाते. अशी एखादी पायरी असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी.

पायरीला दगड कोणता, यावर माझं मत ठाम आहे. पॉलिश केलेला ग्रॅनाइट घराबाहेर लावू नये. कोकणातल्या पावसात तो साबणासारखा होतो. शहाबादी किंवा खडबडीत कोटा फरशी स्वस्त पडते आणि पाय धरते. कोकणात जांभा हाताशी आहेच, फक्त शेवाळ वेळच्या वेळी घासावं लागतं. ग्रॅनाइट आधीच बसवला असेल तर तो उखडू नका. पायरीच्या काठाजवळ खाचा पाडून घ्या किंवा खरखरीत पट्ट्या चिकटवा.

पायऱ्यांना कठडा हवा. दीड इंची जीआय पाइप, जमिनीपासून साधारण ३४ ते ३६ इंचांवर. फॅब्रिकेशनवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. याला नक्षी नको, हाताची पकड नीट बसली पाहिजे. घरात वयस्कर कोणी नसलं तरी घरी येणाऱ्यांत असतात, आणि आपण सगळेच त्या वयाकडे चाललो आहोत.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी धरतात. म्हणजे ६ इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर १८ फूट उतार लागेल. बहुतेक घरांपुढे एवढी जागा नसते. भिंतीलगत वळवून काही ठिकाणी जमतं. जिथे जमत नाही तिथे ताठ चढाचा, दुचाकी चढवायचा उतार करून 'रॅम्प केला' असं समाधान मानू नये. त्यावरून खुर्ची ढकलणं धोक्याचं असतं. तिथे कठडा आणि सारख्या पायऱ्या जास्त उपयोगी पडतात.

तिसरं, उजेड. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ६ तास जळला तर महिन्याला १.६२ युनिट वीज लागते, दोन युनिटसुद्धा नाही. तरी कितीतरी दारांपुढे रात्री अंधार असतो आणि आत दिवाणखान्यात झुंबर. दिवा दाराच्या वर किंवा बाजूला, साधारण ७ फुटांवर असा लावावा की आलेल्या माणसाचा चेहरा दिसेल आणि पायऱ्याही दिसतील. पावसापासून बचाव होईल असं काचेचं किंवा प्लास्टिकचं बंद आवरण घ्यावं. सुरक्षेसाठी कॅमेरा लावण्याचा विचार असेल तर आधी हा दिवा लावा, कारण साध्या कॅमेऱ्यालाही अंधारात चेहरा नीट दिसत नाही. दाराला पाहायचं भिंग आणि आतून साखळी, एवढ्यावर बऱ्याच घरांचं काम भागतं.

चौथी, सावली. दारावरचं छप्पर निदान ३ फूट पुढे आलं पाहिजे, म्हणजे दोन माणसं छत्री मिटून उभी राहू शकतात. साधा रंगीत पत्रा चालतो. त्याला पन्हळ लावून पाणी बाजूला काढावं, नाहीतर सगळी धार नेमकी पायरीवर पडते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या दाराला झड जास्त लागते. जुनी माणसं पावसाळ्याआधी त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत. आज तिथे गुंडाळता येणारा जाड प्लास्टिकचा पडदा किंवा बांबूची चिक बांधली तरी तेच काम होतं. दाराची दिशा शुभ की अशुभ हे विचारायला आपल्यातलेही लोक आता वास्तुवाल्याकडे जातात. त्याच्या फीमध्ये हे छप्पर होऊन जाईल.

पाचवं, खुद्द दार. जुनं सागवानी दार काढून नवीन रेडिमेड दार बसवणं हा मला सगळ्यात वाईट सौदा वाटतो. उन्हाळ्यात दार उतरवावं, रंगाचे जुने थर खरवडावेत, पॉलिश पेपर मारावा, भेगा पुट्टीने बुजवाव्यात, मग प्रायमर आणि दोन हात ऑइलपेंट. वरची आणि खालची कड रंगवायला विसरू नये. पाणी तिथूनच शिरतं आणि दार फुगतं. पावसाळ्यात दार अडतं म्हणून लगेच रंधा मारला की उन्हाळ्यात बोटभर फट पडते, तेव्हा थोडा धीर धरावा. खालचा भाग कुजत असेल तर ८-१० इंचांचा पत्रा ठोकावा. बिजागऱ्या बदलल्या तरी करकरणारं, लोंबकळणारं दार पुन्हा सरळ होतं.

आडोशाचा प्रश्न आपल्या घरांत असतोच. त्यासाठी दिवसभर लोखंडी दार लावून बसायचं कारण नाही. जाड सुती पडदा, लाकडी जाळी, किंवा दारापासून ३-४ फूट आत एक उभा पडदा असला की वारा खेळतो आणि घर दिसत नाही. हश्तीचा विचार एका कमी भाड्याच्या खोलीतही उतरवता येतो, तो असा.

मग बसायची जागा. दाराशेजारी विटांचा किंवा जांभ्याचा कट्टा, १७-१८ इंच उंच, सव्वा ते दीड फूट रुंद, वर शहाबादी. काळा कडप्पा उन्हात तापतो, तो सावलीतच घालावा. शेजारी पाण्याचा माठ आणि एक पेला. मोहरममध्ये दहा दिवस सबील लावणारे आपण, उन्हाळ्याचे तीन महिने दारात माठ ठेवू शकतोच. तो भरायला आणि धुवायला माणूस लागतो, पैसे फार लागत नाहीत.

शेवटी नावाची पाटी. इथे मला थोडं वेगळं बोलायचं आहे. अनेक घरांवर 'माशाअल्लाह' असतं, ७८६ असतं, घराचं नाव असतं, पण माणसाचं नाव नसतं. असलं तर फक्त उर्दूत किंवा इंग्रजीत. काहींनी अलीकडच्या वातावरणामुळे नाव काढूनही टाकलं आहे. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. भाड्याने घर मागताना आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण आपल्याच घरावर, आपल्याच गावात, रात्री रुग्णवाहिका शोधत आली तर चालकाने काय वाचायचं? उर्दू जरूर असावी, आपल्या घराची ती शोभा आहे. सोबत मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव असावं. नवऱ्याचं आणि बायकोचंही. घर तीही चालवते, तिच्या नावाने पत्रं येतात, मुलांच्या शाळेत तिची सही असते. गावातल्या पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी लेझरच्या पाटीपेक्षा स्वस्त पडते आणि एका कारागिराला कामही मिळतं.

एक गोष्ट मात्र पैशांच्या पलीकडची आहे. हे सगळं आपल्या हद्दीत व्हायला हवं. आपल्या गल्ल्या आधीच अरुंद. त्यात प्रत्येक जण एक पायरी पुढे काढतो, गटारावर फरशी टाकतो, दुचाकीचा उतार थेट रस्त्यात सोडतो. मग गटार तुंबतं, जनाजा नेताना खांदेकऱ्यांना वाकडंतिकडं चालावं लागतं, आणि गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरत नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचा एक भाग आहे, हे आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. ऐकून घरी येताना आपणच ठेवलेल्या त्रासदायक वस्तूवर पाय देऊन आत जातो. पालिकेची गाडी आली की आधी अशीच पायरी तुटते आणि केलेला खर्च वाया जातो तो वेगळा. पायरी पुढे काढण्याऐवजी दार फूटभर आत घ्यावं, किंवा पायऱ्या भिंतीलगत आडव्या वळवाव्यात. जमत नसेल तर कट्टा सोडून द्यावा. ज्या कट्ट्यामुळे गल्ली अडते त्यावर पाहुण्याला बसवण्यात कसला पाहुणचार?

भाड्याच्या घरात किंवा फ्लॅटमध्ये राहणारे म्हणतील, आम्ही काय करणार? दिवा, पाटी, चपलांचा स्टँड, भिंतीलगत एक घडीचं स्टूल, रंगवलेलं दार, एवढं तर प्रत्येकाला करता येतं. जिन्यातला बंद दिवा आपल्या खर्चाने लावायलाही कुणाची परवानगी लागत नाही. चार मजल्यांचा जिना अंधारात चढून येणाऱ्या दूधवाल्याला तो कुणी लावला हे कळलं नाही तरी बिघडत नाही.

हे सगळं एवढ्या आग्रहाने सांगायचं कारण असं. ओटे गेले तसं आपलं एकमेकांच्या दाराशी बसणंही गेलं. पूर्वी शेजारच्या वाडीतला माणूस घरात न येताही आपल्या घराशी ओळखीचा असे. ओट्यावर बसून त्याने आपली पोरं वाढताना पाहिलेली असत, आत शिजणाऱ्या बिर्याणीचा वास त्याला ठाऊक असे, अजान झाली की 'चला, उठतो, तुमची वेळ झाली' म्हणायची त्याला सवय असे. आज तोच माणूस मोटारीतून जाताना स्टीलचं फाटक बघतो. फाटकाच्या आत काय आहे हे त्याला मोबाइलवर आलेले निरोप सांगतात. एका कट्ट्याने हे सगळं बदलेल असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण बसायला जागाच नसेल तर बोलणं सुरू कुठून व्हायचं?

म्हणून काम काढण्याआधी खर्चाचा कागद केलात तर त्यावर दोन रकाने आखा. एकात आतून दिसणारं आणि दुरून दिसणारं, दुसऱ्यात दाराशी उभ्या माणसाच्या उपयोगाचं. पायरी, कठडा, दिवा, छप्पर, कट्टा, पाटी हे दुसऱ्या रकान्यात येईल. तो रकाना आधी पुरा करा. पैसे उरले तर नक्षीचं दार जरूर लावा, आणि ते बघायला मलाही बोलवा.